‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे कोठे?
(आमच्या गावचे फाल्गुनातले हवामान व त्याचा अंदाज)



आपले गाव नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात आहे. येथे गहू, कांदा, हरभरा व द्राक्षे ही मुख्य पिके होतात. माघ संपून फाल्गुन लागला की ही सगळी पिके एकदमच काढणीला येतात, आणि नेमका त्याच महिन्यात आभाळाचा भरवसा नसतो. म्हणून मी हा विषय निवडला. दुसरेही एक कारण आहे, ते पुढे सांगते.

फाल्गुनात आपल्याकडे पहाटे गारवा व दुपारी कडक ऊन असते. बाईंनी शाळेच्या ओट्यावर सावलीत दोन तापमापक टांगले आहेत. परवा सकाळी साडेसातला १४ अंश होते व दुपारी दोनला ३३ अंश. एका दिवसात एवढा फरक कसा पडतो? आभाळ निरभ्र व हवा कोरडी असली की दिवसा जमीन लवकर तापते व रात्री तिची उष्णता लवकर निघून जाते. ढग असले की ते गोधडीसारखे काम करतात, मग रात्र उबदार जाते. म्हणून पहाटेचा गारवा अचानक कमी झाला की आमचे आजोबा अंगणात येऊन वर बघत राहतात.

दुसऱ्या तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळलेले आहे. त्यातला पारा नेहमी खाली असतो. हवा कोरडी असली की फडक्यातले पाणी भराभर उडून जाते व फुगा थंड पडतो. हवेत बाष्प असले की पाणी सावकाश उडते, मग दोन्ही पारे जवळ येतात. परवा एकात ३३ व ओल्यात १९ अंश होते, म्हणजे १४ अंशांचा फरक. फरक कमी होत चालला तर हवेत बाष्प वाढले असे समजावे. आजोबा यालाच ‘उकाडा झाला’ असे म्हणतात. त्यांना तापमापक लागत नाही.

आता गारा कशा होतात ते पाहू. या दिवसांत जमीन तापलेली असते. समुद्राकडून बाष्पाचा वारा आला आणि वर उत्तरेकडची थंड हवा असली तर गरम हवा जोराने वर चढते. तिचा ढग दहा-बारा किलोमीटर उंच वाढतो. एवढ्या उंचीवर पाण्याचे थेंब गोठतात. गार खाली येऊ लागते, पण खालून वर जाणारा वारा तिला झेलून धरतो किंवा पुन्हा वर नेतो. तेवढ्या वेळात तिच्यावर पाण्याचे नवे थर गोठत राहतात. वाऱ्याला ती पेलवेनाशी झाली की खाली पडते. मोठी गार फोडून पाहिली तर आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. (मी विळीवर एक कापून पाहिली होती. आई रागावली.)

२०१४ सालच्या फेब्रुवारीअखेर व मार्चमध्ये महाराष्ट्रात पुष्कळ जिल्ह्यांत गारपीट झाली. तेव्हा माझा जन्म झाला नव्हता, पण घरात तिची गोष्ट अजून निघते. गारा पडल्या नाहीत आणि नुसता पाऊस झाला तरी नुकसान होतेच. पिकलेला गहू लोळतो व दाण्याची चमक जाते. द्राक्षाचे मणी तडकतात. नुसते ढगाळ राहिले तरी द्राक्षावर भुरी व कांद्यावर करपा येतो. काढलेला कांदा भिजला तर चाळीत टिकत नाही. आणि पाऊस न येता एकदम ऊन वाढले तरी गव्हाचा दाणा बारीक राहतो. २०२२ चा मार्च १९०१ पासूनच्या नोंदींत भारतातला सर्वांत उष्ण मार्च होता. त्या वर्षी पंजाब-हरियाणाकडे गव्हाचे असेच झाले.

आता दुसरे कारण सांगते.

गेल्या वर्षी शिमग्याच्या आधी आमचा एकरभर कांदा काढून पातीसकट शेतात वाळत पडला होता. भाऊ म्हणजे माझे वडील. मोबाईलवर अंदाज आला की नाशिक जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस. भाऊ, आई, आजी आणि मी, आम्ही रात्री दहापर्यंत कांदा गोळा करून ताडपत्रीखाली घातला. थेंबसुद्धा पडला नाही. दुसऱ्या दिवशी ऊन तापले, ताडपत्रीखाली कांद्याला घाम सुटला, म्हणून परत पसरला. चार दिवसांनी पुन्हा तसाच अंदाज आणि पुन्हा तेच. पारावरची माणसे म्हणाली, “काय भाऊ, ताडपत्रीला ऊन दाखवता काय?” तिसऱ्यांदा अंदाज आला तेव्हा भाऊ म्हणाले, “राहू दे. मोबाईल रोजच सांगतोय.”

त्या दिवशी चार वाजता वारा एकदम पडला. मग गार वावटळ आली आणि बोराएवढ्या गारा सुरू झाल्या. पाव तासात सगळे आटोपले. कादवेच्या पलीकडे आत्याच्या गावाला धूळ उडत होती, तिथे टिपूसही नव्हता. भाऊ बांधावर बसून राहिले. मी त्यांना तसे बसलेले कधी पाहिले नव्हते. पुढे कांदा निवडला तर निम्म्याहून जास्त सडका निघाला. मला सायकल घ्यायची होती. तिचे बोलणे मग कुणी काढले नाही, मीही काढले नाही.

भाऊ म्हणाले, अंदाज खोटा असतो. मी शाळेत बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, “तिन्ही वेळा तो खोटा नव्हता. ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांचा अर्थ तुम्ही पाहिला का?”

तो अर्थ असा. हवामान खात्याने हे शब्द ठरवून घेतलेले आहेत. जिल्ह्यात पाऊस मोजायची जेवढी ठिकाणे असतील त्यांतल्या चारात एक किंवा त्याहून कमी ठिकाणी पाऊस पडायचा असेल तर ‘तुरळक ठिकाणी’ म्हणतात. त्याहून जास्त, पण निम्म्यापर्यंत असेल तर ‘काही ठिकाणी’. म्हणजे तुरळक असताना चारातली तीन ठिकाणे तरी कोरडी राहणार. आणि आपला जिल्हा केवढा आहे! इगतपुरीला पावसाळ्यात भाताच्या खाचरात गुडघाभर पाणी असते तेव्हा येवल्याला लोक आभाळाकडे बघत असतात. आपल्याच तालुक्यात कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे. थंडीत ‘निफाडचा पारा घसरला’ म्हणून पेपरात येते तो तिथला पारा. आपल्या शाळेतला पारा त्या दिवशी तेवढाच असतो असे नाही.

रंगांचेही तसेच आहे. हिरवा म्हणजे धोका नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे लगेच हालचाल करा. पिवळा म्हणजे ‘पाऊस येणारच’ असे पुष्कळ जण समजतात. आमच्या घरीही तसेच समजत होते.

मी हे घरी सांगितले तर भाऊ म्हणाले, “मग चारातले ते एक ठिकाण आपलंच आहे, हे आधी कसं कळायचं?” मला उत्तर आले नाही. मी परत बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, ते चार-पाच दिवस आधी कुणालाच कळत नाही. म्हणून अंदाज दोन असतात. एक पाच दिवसांचा. शेतकऱ्यांसाठी तो सल्ल्यासह मंगळवारी व शुक्रवारी निघतो. त्यावरून काय करायचे नाही ते ठरवावे : गहू सोंगायला घेऊ नये, कांदा उपटू नये, फवारणी करू नये, पाणी भरू नये. दुसरा पुढच्या तीन तासांचा. तो रडारवर ढग दिसल्यावर देतात. झाकापाक त्यावर करायची. आम्ही पहिल्याच अंदाजावर रात्री झाकत बसलो, दोनदा दमलो आणि तिसऱ्यांदा कंटाळलो. पहिला ऐकून आठ दिवस कांदा उपटलाच नसता तर तो जमिनीतच बरा राहिला असता, हे भाऊंनी स्वतःच सांगितले.

तीन तासांचा इशारा येतो तेव्हा कधी कधी मोबाईलला रेंज नसते. म्हणून आपले डोळेही उघडे ठेवावेत. दुपारी उकाडा, फुलकोबीसारखा वर वर वाढणारा ढग, वारा एकदम पडणे, मग गार झुळूक. गार झुळूक आल्यावर वेळ फार थोडा असतो. गडगडाट ऐकू आला तर कांदा सोडून घरात यावे, बाभळीखाली किंवा लिंबाखाली थांबू नये.

आपल्या वस्तीवर किती पाऊस पडला ते मोजणे सोपे आहे. सरळ उभ्या कडांचा डबा उघड्यावर ठेवावा व आतले पाणी पट्टीने मोजावे. १ मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. १० मिलिमीटर पडला तर एका एकरावर सुमारे ४० हजार लिटर पाणी पडते. मी हे गणित तीनदा केले, तेवढेच येते. मळ्यात राहणाऱ्या मुलांनी आकडा आणला तर आम्ही वर्गातल्या तक्त्यात लिहू.

दर मंगळवारी व शुक्रवारी मी पाच दिवसांचा अंदाज शाळेच्या बाहेरच्या फळ्यावर लिहिते. पालकांनी येता-जाता वाचावा. अक्षर चुकले तर बाई दुरुस्त करतात.

या आठवड्यात आमचा गहू सोंगायला आला आहे. मंगळवारच्या पत्रकात गुरुवार-शुक्रवारी तुरळक ठिकाणी पाऊस लिहिले आहे, रंग पिवळा. काल पहाटे गारवा कमी होता आणि दुपारी दोन्ही पाऱ्यांतला फरक ८ अंशांवर आला. भाऊंनी सोंगणारांना ‘शनिवारी या’ असा निरोप पाठवला आहे. आजोबा म्हणतात, उगीच थांबलात, पाऊस येत नाही. मी दोघांचेही म्हणणे फळ्यावर लिहून ठेवले आहे. आजोबांनी येऊन वाचले आणि त्यांच्या नावातली वेलांटी दुरुस्त करायला लावली.