सीआरपी ६४ म्हणजे धोका?

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, व्हायरल न्यूमोनिया झालाय. सीआरपी ६४, डी-डायमर वाढलेलं, लिम्फोसाइट ११ टक्के. आजार गंभीर होईल का?

उत्तर : आधी सीआरपीचं एकक बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर छापतात, काही प्रति डेसिलिटर. दहापटीचा फरक पडतो! लिटरमागे ६४ म्हणजे सूज बरीच आहे, पण एकाच रिपोर्टवर भाकीत करू नये. सीआरपी यकृतात तयार होतं आणि सूज ओसरली की झपाट्याने उतरतं. म्हणून एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासून ते चढतंय की उतरतंय, हे पाहणं जास्त उपयोगाचं. लिम्फोसाइट कमी होत जाणं मात्र मला अधिक खटकतं.

डी-डायमर वयानुसार वाढतंच. २०२०च्या वुहानमधल्या १९१ रुग्णांच्या अभ्यासात, दाखल होताना ते मिलिलिटरमागे १ मायक्रोग्रॅमच्या वर असणाऱ्यांत मृत्यूचा धोका जास्त आढळला. पण तो कोविड होता. फ्लूच्या रुग्णाला तोच आकडा लावू नका.

घरी ऑक्सिमीटर ९४च्या खाली दाखवत असेल, श्वास मिनिटाला ३०च्या आसपास गेला असेल किंवा वडील असंबद्ध बोलत असतील, तर पुढच्या रिपोर्टची वाट न बघता लगेच रुग्णालयात न्या.