शेकाला भिऊ नका

करकंबात आम्ही पुष्कळदा ऐकतो, "शेक दिला म्हणजे बाई संपली." हे खोटे आहे. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगावर किरणांचा शेक हेच मोठे औषध. तो बाहेरून देतात, आणि आतूनही. आतला गाठीला जवळून लागतो. तो चुकवू नये.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात २००३ ते २०११ या काळात रोग पुष्कळ वाढलेल्या ८५० बायांवर हे पारखून पाहिले. नुसत्या शेकाने १०० पैकी ४६ बाया पाच वर्षे जगल्या. शेकाबरोबर दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे औषध शिरेतून दिले, त्यांत ५४. आठ जास्त! आम्हाला हा आकडा लहान वाटत नाही. आठ घरांत आई राहिली.

पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर बायांनो, लाजू नका. आपल्या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आहे. आणि शेक सुरू झाल्यावर सुगीसाठी मध्येच घरी येऊ नका.