जुनी मोटार आणि तिची निगा राखणारे हात



मोटार पुसणे हे कोणालाही जमणारे काम आहे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. पहाटे इमारतीच्या आवारात बादली आणि फडके घेऊन एकामागून एक गाड्या पुसणारा माणूस आपण रोज पाहतो. पण त्याचे नाव विचारण्याची गरज फारच थोड्यांना वाटते. याच कामाला अभ्यासाची जोड मिळाली की त्याला 'डिटेलिंग' म्हणतात. मोटारीचा रंग, क्रोम, काच, रबर, आसने यांचा स्वभाव ओळखून त्यांची स्वच्छता करणे, त्यांतील दोष घालवणे आणि त्या दीर्घकाळ टिकवणे असा या कामाचा आवाका आहे. जुन्या मोटारी जमवणाऱ्या संग्राहकांना अशा कारागिराची फार गरज असते. हे काम नेमके काय आहे आणि त्याला कोणते ज्ञान लागते, याचा प्रस्तुत लेखात थोडक्यात विचार करू.

१. कालची साधी गाडी, आजचा ठेवा

संग्रह करण्याजोगी मोटार म्हणजे राजेरजवाड्यांची रोल्स-रॉईसच असली पाहिजे असे नाही. मुंबईची प्रीमियर पद्मिनी हे उत्तम उदाहरण आहे. इटलीच्या फियाट ११०० डी या नमुन्यावर आधारलेली ही गाडी १९६० च्या दशकापासून कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि पुढे १९७० च्या दशकात तिला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. १०८९ घन सेंटिमीटरच्या इंजिनाची ही गाडी काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने मुंबईच्या रस्तोरस्ती दिसत असे. मुंबईत टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथे झाली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी अधिकृतपणे रस्त्यावरून गेली. तोपर्यंत असंख्य पद्मिनी भंगारात निघाल्या होत्या. जी गाडी गल्लोगल्ली उभी असते, ती जपावी असे कोणाला वाटत नाही. आणि वाटते तेव्हा ती उरलेली नसते. आज चांगल्या स्थितीतील पद्मिनी संग्राहक शोधत फिरतात, ते यामुळेच.

२. मूळ रूपाचे महत्त्व

केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. त्यानुसार पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी अथवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते व तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठरले असून नोंदणी दहा वर्षे चालते. असे वाहन रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, अभ्यास, इंधन भरणे व दुरुस्ती अशा कारणांसाठीच ते बाहेर काढायचे असते. यात ध्यानात घेण्याची अट अशी की, वाहन मूळ रूपात राखलेले असावे. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत.

जगातही हाच विचार रुजत आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे १९५० पासून जुन्या मोटारींचे नामवंत प्रदर्शन भरते. तेथे वर्षानुवर्षे नव्यासारख्या चकचकीत केलेल्या गाड्यांना सर्वोच्च मान मिळत आला. परंतु २०२४ साली हा मान १९३४ च्या बुगाटी टाईप ५९ स्पोर्ट्स या गाडीला मिळाला. ती पुन्हा रंगवून नवी केलेली नव्हती; वयाच्या खुणांसह जतन केलेली होती. जतन विभागातील गाडीला तेथे हा मान प्रथमच मिळाला. नवा रंग केव्हाही देता येतो, पण मूळ रंग एकदाच मिळतो, हे यामागचे तत्त्व आहे.

३. रंगाचा थर किती असतो?

आजच्या मोटारीवर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक लॅकर असे थर असतात. सर्व मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातील वरचा पारदर्शक थर सुमारे ४० ते ५० मायक्रॉनच असतो, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. पॉलिश करणे म्हणजे या थरातून थोडासा भाग घासून काढणे. ओरखडा भरून येत नाही. त्याच्या आजूबाजूचा रंग त्याच्या पातळीवर आणला जातो, म्हणून तो दिसेनासा होतो. अर्थात, प्रत्येक पॉलिश हा मूळ पुंजीतून केलेला खर्च आहे.

जुन्या गाड्यांवर बहुधा वेगळा पारदर्शक थर नसतो. वरचा थर रंगाचाच असतो. तो उन्हाने खडूसारखा पांढुरका पडतो. ओळखण्याची सोपी रीत अशी : सहज न दिसणाऱ्या जागी पांढऱ्या फडक्यावर थोडे सौम्य पॉलिश घेऊन हलके घासावे. फडक्याला गाडीचा रंग लागला, तर वरचा थर रंगाचाच आहे असे समजावे. पत्र्यात लांबी भरली आहे काय हे पाहण्यासाठी लहान लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून लावावा. जेथे त्याची पकड ढिली पडते, तेथे खाली लांबीचा जाड थर असण्याचा संभव असतो.

४. कामाचा क्रम

(अ) गाडी सावलीत, पत्रा थंड असताना धुवावी. कोरडी धूळ फडक्याने कधीही झटकू नये. धुळीतील वाळूचे कण रंगावर घासले जाऊन बारीक वर्तुळाकार ओरखडे उठतात; उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात ते हेच.

(आ) प्रथम नुसत्या पाण्याने माती सोडवावी. नंतर दोन बादल्या घ्याव्यात, एकीत गाडीसाठीच्या सौम्य साबणाचे पाणी व दुसरीत स्वच्छ पाणी. फडके प्रत्येक वेळी आधी स्वच्छ पाण्यात खळखळावे, मगच साबणात बुडवावे. कपडे धुण्याची पावडर वापरू नये.

(इ) टपापासून खाली यावे. चाके व खालचा भाग शेवटी, आणि त्यांचे फडके वेगळे.

(ई) मऊ, स्वच्छ कापडाने टिपून कोरडे करावे. दारांच्या खालची पाणी निघण्याची भोके मोकळी आहेत ना, हे अवश्य पाहावे. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत व पावसाळ्यात पत्रा आतूनच गंजत येतो. बाहेरून फुगवटा दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

(उ) पॉलिश लागणारच असेल, तर सर्वांत सौम्य पॉलिशने एक वीतभर जागेवर प्रयोग करावा. तेवढ्याने भागले तर पुढे जाऊ नये. गोल फिरणारे यंत्र कडा व उभारांवर क्षणात रंग उतरवते. नवशिक्याने तेथे हातानेच काम करावे.

(ऊ) शेवटी मेणाचा पातळ थर द्यावा. पुष्कळशा मेणांत ब्राझीलमधील ताडाच्या जातीच्या झाडापासून मिळणारे कार्नोबा मेण असते. मेण ओरखडे घालवत नाही, ते रंगाचे रक्षण करते. हा फरक गिऱ्हाईकाला सांगणे कारागिराचे कर्तव्य आहे.

क्रोमच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. बंपरवरील क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो आणि त्याखाली निकेल असते. काथ्याने वा खरखरीत पावडरने घासल्यास तो कायमचा जातो.

५. स्वतःच्या जिवाची काळजी

गाडी जपताना माणूस झिजता कामा नये. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या कापडाने टिपावी. जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासू नये, पाण्याने ओला ठेवूनच घासावा. चाके चकचकीत करणाऱ्या काही तीव्र द्रवांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते कातडीतून आत शिरते व प्रारंभी फारसे दुखतही नाही, म्हणून अधिक घातक. डब्यावरील मजकूर वाचल्याशिवाय कोणताही द्रव हातात घेऊ नये. मालकाने हातमोजे, योग्य मुखपट्टी व चष्मा पुरवावा ही कामगाराची मागणी रास्त आहे. ती मागताना संकोच बाळगू नये.

६. धंदा म्हणून विचार

हे काम सुरू करण्यास मोठे भांडवल लागत नाही. दोन बादल्या, चांगली फडकी, साबण, मेण आणि चिकाटी एवढ्यावर प्रारंभ होतो. पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिक तसेच मोटारीच्या बॉडीची दुरुस्ती व रंगकाम यांचे अभ्यासक्रम आहेत.

कामाची नोंद ठेवण्याची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. काम हाती घेण्यापूर्वी गाडीची छायाचित्रे काढावीत, आधीपासूनचे ओरखडे व पोचे मालकासमक्ष लिहून घ्यावेत, काय करणार आणि काय करणार नाही हे स्पष्ट सांगावे, व दर लेखी ठरवावा. या नोंदीमुळे खोटा आळ येत नाही आणि गाडीच्या इतिहासातही भर पडते. संग्राहक अशा कागदांना फार जपतात.

समजा, एका गृहस्थाने वडिलांची फियाट बाहेर काढली आणि 'आरशासारखी करून दे' असे सांगितले. अडाणी माणूस यंत्र लावून सकाळभरात ती चमकवेल; पण कडांवर पत्रा उघडा पडेल. जाणकार कारागीर म्हणेल, "साहेब, हा रंग कारखान्यातला आहे. याला एवढेच करू या, पुढे हात लावायला नको." मालकाला नकार देण्याचे हे बळ केवळ ज्ञानातून येते. ज्याला 'का' ठाऊक आहे, त्याला कोणी नुसता पुसणारा म्हणू शकत नाही, आणि पुसणाऱ्याचा दर त्याच्या हातावर ठेवू शकत नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, कोणतेही काम हलके नाही असे नुसते म्हणून भागणार नाही. ते अभ्यासाने करा, त्याची कारणे जाणून घ्या आणि त्याचे योग्य मोल मागा. आणि उद्या सकाळी आवारात गाडी पुसणारा भेटला, तर आधी त्याचे नाव विचारा. मग त्याला दुसऱ्या बादलीविषयी सांगा.

स्वाध्याय
१. पॉलिश आणि मेण यांच्या कार्यांतील फरक स्पष्ट करा.
२. कोरडी धूळ फडक्याने का झटकू नये?
३. आपल्या परिसरातील एखाद्या जुन्या वाहनाची पाहणी करून त्याच्या स्थितीची एक पानी नोंद तयार करा.