टक्का नको, पौंड सांगा

इंग्लंडात नोकऱ्या बदलत राहिलं की मागे पेन्शनचे बारीकसारीक पॉट साचत जातात. ऑक्टोबर 2012पासून टप्प्याटप्प्यानं ऑटो-एन्रोलमेंट आलं. म्हणजे कंपनीनंच तुम्हाला पेन्शन योजनेत घालायचं, आणि नको असेल तर तुम्ही बाहेर पडायचं. सोय उत्तम, पण तीन नोकऱ्या झाल्या की तीन योजना, तीन पासवर्ड, आणि जुन्या घराच्या पत्त्यावर जाणारी पत्रं. आयटीतली आपली बहुतेक मंडळी चाळिशीत कधीतरी हा पसारा एका जागी आणायला निघतात, आणि तिथं त्यांची गाठ सिपशी पडते. सिप म्हणजे सेल्फ-इन्व्हेस्टेड पर्सनल पेन्शन. भारतातल्या म्युच्युअल फंडांच्या एसआयपीशी त्याचा संबंध नाही, हे मला फोनवर घरच्यांना दर वेळी नव्यानं सांगावं लागतं.

महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत हल्ली घरांच्या किमतींच्या खालोखाल हाच विषय निघतो. "कुठल्या कंपनीचं सिप चांगलं?" असं विचारतात. त्यावर मी उलट विचारतो, पॉट केवढा आहे, त्यात काय घेणार आहात आणि वर्षातून किती वेळा खरेदी-विक्री करणार? लोकांना वाटतं हा टाळतोय. पण या तीन उत्तरांशिवाय कंपनीचं नाव सांगणं म्हणजे पायाचं माप न घेता चपला विकत आणणं.

करसवलतीच्या जाहिराती आधी बाजूला ठेवा. तुम्ही 80 पौंड भरलेत की कंपनी सरकारकडून 20 मागवून खात्यात 100 करते, आणि 40 टक्क्यांच्या पट्टीतला माणूस पुढची सवलत स्वतः एचएमआरसीकडे, म्हणजे करखात्याकडे, मागून घेतो. वर्षाची सर्वसाधारण मर्यादा 60,000 पौंड, आणि करसवलत फक्त तुमच्या वर्षाच्या कमाईइतक्या भरण्यावर. हे सगळ्या कंपन्यांत तंतोतंत सारखं आहे. जी कंपनी पहिल्या पानावर "25 टक्के जादा" असं ठळक छापते, ती सरकारचे पैसे आपल्या नावावर खपवते. कंपन्यांमध्ये फरक असतो तो सेवेत आणि फीमध्ये.

माझं पहिलं सिप एका नावाजलेल्या कंपनीत होतं. वार्षिक फी 0.45 टक्के. आकडा इतका किरकोळ दिसतो की त्यावर नजर थांबत नाही. पॉट 20,000 पौंडांचा होता तेव्हा वर्षाला 90 पौंड जायचे, आणि ॲप चांगलं, फोन पटकन उचलतात, म्हणून तक्रार करायला जागा नव्हती. पुढे जुन्या नोकऱ्यांचे पॉट त्यात आले, दर महिन्याची भर पडत गेली, बाजारही चढला आणि रक्कम 1,80,000 वर गेली. त्याच 0.45 टक्क्यांचे आता 810 पौंड झाले. ॲप तेच, फोनवरची माणसं तीच, माझ्या खात्यासाठी त्यांना पडणारं काम तेवढंच. त्याच वेळी दुसरीकडे महिना 13 पौंड, म्हणजे वर्षाला 156 पौंड ठोक फी घेणाऱ्या कंपन्या होत्या.

यात लपवलेलं काहीही नव्हतं, हे विशेष. दर संकेतस्थळावर होता, करारात होता. फक्त त्याचं बिल कधी घरी येत नाही. वीज, कौन्सिल टॅक्स, गाडीचा विमा यांचे पैसे बँकेतून जातात, म्हणून आपण दर वर्षी दोन ठिकाणी चौकशी करतो. पेन्शनची फी पेन्शनमधूनच जाते. माझ्या विवरणपत्रात ती अशी दिसायची: तारीख, फंडाचं नाव, आणि पुढे विकलेल्या युनिट्सचा शून्यापुढचा दशांश आकडा. खात्यातली रोख संपली की कंपनी त्या महिन्याच्या फीपुरते युनिट आपोआप विकते, असा नियम शर्तींच्या पानात असतो. पडलेल्या बाजारातही ते विकले जातात. ओळ एवढी छोटी, की वर्षभराच्या बाराही ओळींची बेरीज करायचं कुणाच्या मनात येत नाही.

ती बेरीज आता कंपनीला करावीच लागते. 2018पासून गुंतवणूक कंपन्यांना खर्चाचं वार्षिक पत्रक टक्क्यांत आणि पौंडांत द्यावं लागतं. ते ईमेलनं येतं, "तुमचे कागद तयार आहेत" अशा नीरस विषयाखाली, आणि बहुतेकांच्या इनबॉक्समध्ये न उघडलेलं पडून असतं. सिप असेल तर ते आज शोधा. दुसऱ्या कंपनीचे दर वाचण्याआधी स्वतःचा पौंडांतला आकडा समोर हवा.

ठोक फी चांगली आणि टक्केवारी वाईट, असंही नाही. आमच्याच घरात दोन्ही आहेत. बायकोनं काही वर्षं नोकरी सोडली होती. इथं कमाई नसलेली व्यक्तीही वर्षाला 2,880 पौंड भरू शकते आणि सरकारी भर धरून त्याचे 3,600 होतात. तिचं खातं माझ्याच ठोक फीवाल्या कंपनीत उघडायचा विचार होता, सगळं एका ठिकाणी म्हणून. पण 3,600 वर वर्षाला 156 पौंड म्हणजे चार टक्क्यांच्या वर गेले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तिथं 0.45 टक्क्यांवाल्याकडे सोळा पौंडांत काम झालं. हिशेब सोपा आहे: ठोक फीचा वार्षिक आकडा घ्या आणि समोरच्या टक्केवारीनं भागा. 156 भागिले 0.0045 म्हणजे साधारण 34,700 पौंड. पॉट त्याच्या खाली असेल तर टक्केवारी बरी, वर असेल तर ठोक. काही ठोक फीवाल्या कंपन्या लहान पॉटला कमी दर लावतात, आणि टक्केवारीवाल्या मोठ्या रकमेवर टक्का उतरवत नेतात, तेव्हा आपल्या रकमेचा टप्पा बघूनच भागाकार करावा. पॉट वाढत असेल तर हा भागाकार दर दोनेक वर्षांनी परत.

हे झालं फक्त प्लॅटफॉर्मचं, म्हणजे खातं सांभाळण्याचं. त्याखाली फंडाचा स्वतःचा खर्च असतो आणि तो कंपनीच्या फीच्या पानावर बहुधा नसतो, फंडाच्या माहितीपत्रकात असतो. निर्देशांकामागे चालणारे फंड 0.1 ते 0.25 टक्क्यांत मिळतात. व्यवस्थापकानं निवडलेल्या शेअर्सचे फंड पाऊण ते एक टक्का घेतात. फंडाच्या आतल्या खरेदी-विक्रीचा खर्च वेगळा. ओळखीतले एक गृहस्थ प्लॅटफॉर्मची फी 0.1 टक्क्यानं उतरवायला महिनाभर पत्रव्यवहार करत होते. त्यांच्या पॉटमधला मुख्य फंड होता 0.95 टक्क्यांचा, त्याकडे मात्र ढुंकून पाहिलं नव्हतं.

एक टक्का म्हणजे किती, ते एकदा कागदावर मांडून बघा. 1,00,000 पौंड, वाढ वर्षाला 5 टक्के धरली, 25 वर्षं हात लावला नाही. एकूण खर्च 0.5 टक्के असेल तर शेवटी साधारण 3,00,500 पौंड होतात. खर्च 1.5 टक्के असेल तर 2,36,300. चौसष्ट हजारांचा फरक, आणि दोन्हीकडे बाजार सारखाच चालला. प्रत्यक्षात बाजार दर वर्षी पाच टक्के वाढणार नाही, हे उघड आहे. खर्च मात्र दर वर्षी कापला जातो, बाजार पडला तरी.

आता एक बारकावा, जो विक्रीच्या फोनवर सहसा कुणी आपणहून काढत नाही. अनेक टक्केवारीवाल्या कंपन्या साध्या फंडांवर पूर्ण टक्का लावतात, पण शेअर आणि ईटीएफवर (म्हणजे शेअरसारख्या बाजारात घेता येणाऱ्या फंडांवर) फीला वरची मर्यादा घालतात. म्हणजे तोच जागतिक निर्देशांक तुम्ही फंडातून घेतला तर 1,80,000 वर 0.25 टक्क्यांनी 450 पौंड, आणि ईटीएफमधून घेतला तर महिना 10 पौंडांच्या मर्यादेत वर्षाला 120. कंपनी तीच, निर्देशांक तोच. ईटीएफला दर व्यवहाराचं दलाली शुल्क पडतं, ते पाच ते बारा पौंडांच्या घरात असतं, म्हणून दर महिन्याला थोडं थोडं घेणाऱ्यानं नियमित गुंतवणुकीचा सवलतीचा दर आहे का ते विचारावं. वर्षातून दोनदा एकरकमी घेणाऱ्याला तो खर्च जाणवतही नाही.

अमेरिकन शेअर घेणाऱ्यांनी चलन बदलण्याची फी बघावी. ती कित्येक ठिकाणी एक टक्क्याच्या आसपास असते, घेताना एकदा आणि विकताना पुन्हा. "शून्य दलाली" अशी पाटी लावणाऱ्यांकडे तर आधी इथंच बोट ठेवावं.

सगळ्यात महाग पडते ती मात्र फीच्या कोष्टकात नसलेली गोष्ट: रोख रक्कम. ऑगस्ट 2023 ते ऑगस्ट 2024 या काळात बँक ऑफ इंग्लंडचा दर 5.25 टक्के होता. माझ्या सिपमध्ये तेव्हा पॉट हलवण्याच्या गडबडीत 20,000 पौंड रोख पडून होते आणि कंपनी त्यावर दोन टक्के व्याज देत होती. स्वतःला मिळणाऱ्या व्याजातला मोठा हिस्सा ती ठेवून घेत होती, आणि वर त्याच रोख रकमेवर खात्याची 0.45 टक्के फीही लावत होती. असं करणारी ती एकटी नव्हती. एफसीए या नियामक संस्थेनं डिसेंबर 2023मध्ये प्लॅटफॉर्म आणि सिप चालवणाऱ्यांना पत्र लिहून बजावलं, की व्याजही राखायचं आणि रोखीवर फीही घ्यायची हा दुहेरी प्रकार फेब्रुवारी 2024च्या अखेरीपर्यंत थांबवा. दुहेरी आकारणीला त्यानं चाप बसला. व्याजातला काही हिस्सा राखणं अजून चालू शकतं, तेव्हा रोखीवर आज किती टक्के देता हा प्रश्न विचारायचाच, आणि रोख कामापुरतीच ठेवायची.

स्वस्ताईच्या नादात दोन गोष्टी मी सोडत नाही. कंपनी एफसीएच्या नोंदवहीत आहे का ते स्वतः जाऊन बघतो, मेलमधल्या दुव्यावरून नाही. आणि गुंतवणूक कंपनी बुडाली तर एफएससीएस या भरपाई योजनेचं संरक्षण माणशी, कंपनीमागे 85,000 पौंडांपर्यंत असतं, हे लक्षात ठेवतो. बाजार पडला म्हणून ते मिळत नाही. पेन्शनबद्दल अनोळखी फोन आला तर बोलणं लांबवायचंच नाही. जानेवारी 2019पासून असे फोन करण्यावर बंदी आहे, म्हणजे करणारा पहिल्याच वाक्यात कायदा मोडतोय. ओळखीतून आलेल्या "गॅरंटीड आठ टक्के" योजनांना बंदी नाही, दुर्दैवानं.

जुना पॉट हलवण्याआधी जुन्या कंपनीला लेखी विचारावं: या पॉलिसीत ठरलेल्या दरानं आजन्म उत्पन्न देण्याची हमी आहे का? बाहेर पडण्याचं शुल्क आहे का? लवकर पैसे काढण्याचं वय माझ्यासाठी राखलेलं आहे का? हे शेवटचं मुद्दाम, कारण सध्या 55व्या वर्षी पैसे काढता येतात, ते वय 6 एप्रिल 2028पासून 57 होतंय. जुन्या काही पॉलिसींत उत्पन्नाची हमी इतकी चांगली असते की फीचा सगळा हिशेब तिच्यापुढे फिका पडतो. अंतिम पगारावर आधारलेली योजना 30,000 पौंडांच्या वरची असेल, तर अधिकृत सल्लागाराचा सल्ला घेतल्याशिवाय ती हलवताच येत नाही, आणि तो नियम योग्य आहे.

चालू नोकरीची योजना तर बंद करूच नये. मालकाचा वाटा दुसरीकडे मिळत नाही, आणि ऑटो-एन्रोलमेंटच्या मूळ फंडाला एप्रिल 2015पासून 0.75 टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. मोठ्या कंपन्यांनी घासाघीस करून ती आणखी खाली आणलेली असते. माझ्या सध्याच्या नोकरीतली योजना बाजारातल्या बऱ्याच सिपपेक्षा स्वस्त निघाली. तो पॉट मी तिथंच ठेवलाय.

पन्नाशी ओलांडलेल्यांना पेन्शन वाइज ही सरकारी सेवा मार्गदर्शनासाठी फुकट भेटीची वेळ देते. कुठली कंपनी घ्या हे ते सांगत नाहीत, पण पैसे काढण्याचे मार्ग नीट समजावतात. तिथं जाण्याआधी आपल्या कंपनीची काढण्याची फी माहीत करून घ्यावी. जमवताना स्वस्त असलेली कंपनी ड्रॉडाऊन, म्हणजे पॉटमधून थोडे थोडे पैसे काढणं, सुरू करायला वेगळे पैसे, दर वर्षी वेगळे आणि त्यावर व्हॅट, असं लावू शकते. पूर्ण स्वरूपाच्या, दुकान-गाळा घेता येणाऱ्या सिपमध्ये हे जास्त दिसतं. ज्याला फक्त दोन फंड घ्यायचेत त्याला त्या सिपची गरजच नसते.

आमच्या वयाच्या अनेकांच्या डोक्यात निवृत्तीनंतर पुण्याला किंवा गोव्याला जाऊन राहायचं असतं. तेव्हाची गणितं निराळी. देश सोडल्यावर काही कंपन्या खातं चालू ठेवतात पण नवी खरेदी करू देत नाहीत. काही फक्त ब्रिटिश बँक खात्यातच पैसे पाठवतात. हे फीच्या पानावर नसतं, म्हणून मी लेखी विचारतो. ज्या कंपनीकडे आता जायचा विचार आहे, तिचं उत्तर आलं: भारतीय पत्ता चालेल, मात्र त्या वेळच्या शर्ती लागू होतील. ते पत्र मी जपून ठेवलंय आणि तिच्या नावापुढे सध्या पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह घातलंय.