अल्सर झाला म्हणून भात सोडावा का?

प्रश्न : यजमानांना अल्सर निघालाय. भात बंद करून भाकरी सुरू करू का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : भाताला एवढी शिक्षा नको. आधी एच. पायलोरी या जंतूची तपासणी करा, औषधांचा कोर्स पूर्ण करा. अंगदुखीच्या गोळ्या परस्पर घेऊ देऊ नका. शंका मात्र रास्त आहे. म्हैसूरला काम केलेले ब्रिटिश सर्जन फ्रँक टोवी यांना दिसलं, की दक्षिणेतल्या भातखाऊ भागात ड्युओडेनमचा (लहान आतड्याच्या सुरुवातीचा) अल्सर जास्त, गहू खाणाऱ्या उत्तरेत कमी. जंतू तर दोन्हीकडे! मग फरक आहाराचा असेल का? उंदरांवरच्या प्रयोगांत कुळथातल्या स्निग्धांशाने जठराचं अस्तर बरंच राखलं. माणसांत तसं सिद्ध झालेलं नाही. तरी कुळथाची पिठी तुमच्या घरचीच. तिखट बेताचं घालून भातावर वाढा, जळजळ झाली तर थांबा.