एका वेळी एकच

— द्वितीय वर्ष, कला

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर लिहावे याचे काही मित्रांना नवल वाटेल. पण 'कमवा व शिका' योजनेत मी ग्रंथालयात काम करतो, आणि हा प्रश्न तेथेच भेटला.

शेल स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने ओळीने पार पाडावयाच्या आज्ञांची यादी. देवघेवीच्या नोंदींची नक्कल काढणारी अशी एक स्क्रिप्ट दर पंधरा मिनिटांनी सुरू होत असे. तिला सुरू करणारा 'क्रॉन' हा प्रोग्रॅम फक्त घड्याळ पाहतो. आधीची संपली की नाही, याची चौकशी करीत नाही. एकदा नक्कल वीस मिनिटे रेंगाळली. दुसरी स्क्रिप्ट त्याच फाइलीत लिहू लागली आणि दोघींच्या ओळी मिसळल्या. पुढे वीज गेल्याने मूळ नोंदी बिघडल्या व हीच नक्कल वापरावी लागली. परत केलेल्या पुस्तकाचा दंड एका विद्यार्थिनीकडे मागितला गेला!

सहज सुचणारा उपाय असा: खुणेची फाइल आहे का पाहावे, नसल्यास ती करून काम सुरू करावे. परंतु पाहणे आणि करणे यांमध्ये निमिषभराची फट राहते. तेवढ्यात दुसरीनेही पाहिले, तर दोघींनाही वाट मोकळीच दिसते. खरी मेख येथे आहे.

आमच्या हिरकणीवाडीहून महाडमार्गे वीर स्थानक गाठले की कोकण रेल्वे भेटते. वीरपर्यंतचा मार्ग २०२१ मध्ये दुहेरी झाला. पुढे तो बहुतांशी एकेरीच आहे. अशा एकेरी मार्गांवर गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून भारतात पूर्वी अनेक ठिकाणी पोलादी गोळ्याची पद्धत होती. गोळा हाती आल्याशिवाय चालकाने गाडी हलवायची नाही. दोन्ही स्थानकांवरील यंत्रे तारेने जोडलेली. एक गोळा बाहेर असताना दुसरा निघतच नाही. गोळा मिळाला, हाच मार्ग मोकळा असल्याचा पुरावा. याच प्रश्नाची उकल १९६५ मध्ये प्रसिद्ध करणारे डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी आपल्या साधनाला 'सेमाफोर' हे रेल्वेच्या सिग्नलचेच नाव दिले.

शेलमध्ये फोल्डर तयार करण्याची आज्ञा असा गोळा होऊ शकते. त्या नावाचा फोल्डर आधीच असेल तर ती फसते. पाहणे आणि घेणे एकाच क्रियेत उरकते. मात्र स्क्रिप्ट मध्येच बंद पडली तर फोल्डर तसाच राहतो आणि पुढची प्रत्येक स्क्रिप्ट दारातूनच परतते. हिरकणीच्या आख्यायिकेतला गडाचा दरवाजा निदान उजाडल्यावर तरी उघडणार होता!

म्हणून लिनक्सवर 'एफलॉक' ही आज्ञा मला अधिक पसंत आहे. येथे कुलूप उघडलेल्या फाइलीवर लागते व त्याचा हिशेब खुद्द लिनक्स ठेवते. स्क्रिप्ट कशीही संपो, फाइल मिटताच कुलूप सुटते. 'एन' हा पर्याय जोडला की दुसरी स्क्रिप्ट ताटकळत न राहता लगेच परतते. मात्र स्क्रिप्टने मागे एखादे काम चालू ठेवले, तर ते संपेपर्यंत कुलूप टिकू शकते. शिवाय काम झाल्यावर ती फाइल पुसू नये. नाहीतर एकजण जुन्या फाइलीवर आणि दुसरा त्याच नावाच्या नव्या फाइलीवर, असे दोघेही कुलूप लावून बसतात. आणखी एक: हे कुलूप विचारणाऱ्यालाच अडवते. न विचारता फाइलीत लिहिणाऱ्या स्क्रिप्टला ते दिसतही नाही, म्हणून त्या फाइलीला हात लावणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये ही ओळ घालावी लागते.