तारतंत्र्याचा परवाना

नव्या घरात राहावयास येणारे कुटुंब भिंतींचा रंग पाहते, खिडक्या उघडून पाहते, नळ सोडून पाहते. बटण दाबताच दिवा लागला, की विजेचे कामही ठीक झाले असे समजले जाते. परंतु दिवा लागणे आणि तारजोडणी सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बटण फेजच्या तारेवर बसवण्याऐवजी न्यूट्रलच्या तारेवर बसवले, तरी दिवा लागतो आणि बंदही होतो. मात्र तो बंद असतानाही होल्डरमध्ये वीज असतेच. बटणाच्या भरवशावर दिवा बदलणाऱ्याला धक्का बसतो. अर्थिंगची तार भिंतीत मध्येच तुटलेली असली, तरी फ्रिजमधले पाणी थंड होतच राहते. अशा चुका घरमालकाला दिसत नाहीत. म्हणून जाणत्या माणसाने त्या शोधाव्यात आणि तपासणी केल्याचे सहीनिशी लिहून द्यावे, अशी व्यवस्था नियमांनी केली आहे.

भारतीय विद्युत नियम, १९५६ यांतील नियम ४५ मध्ये ही तरतूद होती. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि त्यानंतर २०२३ च्या विनियमांतही ती कायम राहिली. घरातील दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलण्यासारखी किरकोळ कामे कोणीही करू शकतो. परंतु नवी तारजोडणी करणे, तिच्यात भर घालणे किंवा फेरफार करणे हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फतच झाले पाहिजे. त्यावर सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची देखरेख असावी लागते, आणि प्रत्यक्ष तारा ओढणाऱ्या तारतंत्र्याजवळही परवाना असावा लागतो. हे परवाने राज्य शासनाकडून दिले जातात व त्यांच्या अटी राज्याराज्यांत वेगळ्या आहेत.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील तारतंत्री हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यासाठी आठवी उत्तीर्ण असणे पुरेसे असते. शाळा मध्येच सुटलेल्या व्यक्तीच्या दृष्टीने ही बाब मोलाची आहे. वर्षानुवर्षे ठेकेदाराच्या हाताखाली काम करून कसब मिळवलेल्या कामगारांना काही राज्यांत परीक्षा देऊन परवाना मिळवता येतो. अशा उमेदवारांचा हात बहुधा सफाईदार असतो. अडचण येते ती कारण सांगताना. बटण फेजवरच का, याचे उत्तर ‘पहिल्यापासून तसेच करतात’ असे देऊन भागत नाही.

काम पूर्ण झाल्यावर चाचणीची वेळ येते. मेगर नावाच्या उपकरणाने ५०० व्होल्टचा एकदिश दाब तार आणि अर्थिंग यांच्यामध्ये एक मिनिट दिला जातो. तारेवरील आवरणाचा रोध किमान १ मेगओम भरला पाहिजे. ओल्या गिलाव्यात किंवा पावसाळ्यात भिंतीत झिरपलेल्या पाण्यामुळे तो पुष्कळदा कमी भरतो. मग एकेक मंडल सुटे करून दोष कोठे आहे हे शोधावे लागते. हे काम कंटाळवाणे असते, आणि त्यात अर्धा दिवस सहज जातो. अर्थिंगची तार अखंड आहे ना, प्रत्येक बटण फेजवरच आहे ना, हेही पाहावे लागते. घरोघरी दिसणारा एमसीबी मुख्यतः तारांना अतिप्रवाहापासून वाचवतो, माणसाला नव्हे. माणसाला वाचवण्यासाठी ३० मिलीअँपिअर गळतीला तुटणारा आरसीसीबी लागतो. त्यावरील चाचणीचे बटण दाबून तो खरोखर तुटतो की नाही हे पाहिले जाते. घरमालकांनी हा खर्च वाचवण्याचा आग्रह धरावा, हे नवल आहे. त्याच घरात छताच्या नक्षीवर मात्र त्याहून अधिक खर्च झालेला असतो.

या चाचण्यांचा अहवाल ठेकेदाराच्या सहीने वीज कंपनीकडे जातो. कंपनीनेही जोडणीपूर्वी स्वतः तपासणी करणे अपेक्षित असते. खरी कसोटी लागते ती येथे. गृहप्रवेशाचा मुहूर्त परवावर आलेला असतो, पाहुण्यांना निमंत्रणे गेलेली असतात, आणि मेगरचा काटा १ मेगओमच्या खालीच थांबलेला असतो. अहवालातील रकाने दुकानात बसूनही भरता येतात. तसे करावे, असे मालक सुचवतो. कधी ठेकेदारच सुचवतो. परवाना नसलेल्या कामगाराचे म्हणणे अशा वेळी कोणी ऐकून घेत नाही. परवानाधारकाला मात्र सांगता येते, की खोटी सही केल्यास परवाना रद्द होऊ शकतो, आणि अपघात घडल्यास चौकशीत तीच सही पुढे येते. त्याने नकार दिला, तर मुहूर्त चुकतो, मालक रागावतो आणि पुढचे काम हातचे जाण्याचीही शक्यता असते. तरीही त्या दिवशी करावयाचे काम एकच असते: ओल आलेल्या भिंतीतील तार पुन्हा बाहेर ओढणे, आणि घरमालकाला शेजारी उभे करून मेगरचा काटा दाखवणे.